पहिल्या रांगेतला जबडा

७ जानेवारी २०२५

कवळी खिशात घेऊन फिरणाऱ्या तमाम पनवेलकर बंधू-भगिनींनो, आपल्यावर अन्याय झाला आहे. दाढा काढताना आपल्याला सांगितलं की चूळ जोरात भरू नका, बर्फ लावा, थोडे दिवस मऊ खा. दाढेच्या मुळाला लोंबकळत आणखी काय काय बाहेर येईल, ते कोणी सांगितलं नाही. आपण विचारलंही नाही, कारण तोंडात कापूस होता.

हे वाचायला समोर कोणी नाही, याची मला कल्पना आहे. ही डायरी आहे, उरण नाक्यावरची सभा नाही. पण बँकेच्या कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस म्हणून ज्याचं अर्धं आयुष्य गेटवर ओरडण्यात गेलं, त्याला समोर माणसं कल्पिल्याशिवाय वाक्य सुचत नाही. आमची मुलगी अनुया पुण्याला असते. तिने नव्या वर्षाची भेट म्हणून ही डायरी पाठवली. "बाबा, बोलता तेवढं लिहा." लिहितो. पण बोलल्यासारखंच लिहिणार.

तर घडलं ते असं. रविवारी वाचनालयात मोरेश्वर ओवळेकरांची शोकसभा होती. पनवेलमध्ये कोणी गेलं की तिरडीच्या सामानानंतर दुसरा फोन मला येतो. कागद न घेता बोलणं हा माझा धर्म. चिठ्ठी बघून बोलणारा वक्ता म्हणजे चिठ्ठी बघून संसार करणारा नवरा, असं मी जाहीरपणे म्हणत आलो आहे. उभा राहिलो, आवाज लावला, ओवळेकरांच्या ग्रंथप्रेमावर आलो आणि म्हणालो, "आज गुरुदत्तशेठ आपल्यात नाहीत, यावर माझा विश्वास बसत नाही."

गुरुदत्तशेठ वाचनालयाचे अध्यक्ष. ते माझ्या उजव्या हाताला बसून पाणी पीत होते.

सभागृहात कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. अवघड वळण आलं की मी पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, पंख्याखालच्या खुर्चीकडे पाहतो. जुनी लकब आहे. लोकांना वाटतं, वक्ता चिंतन करतोय. तिथे पाहिलं तर खुर्चीवर कोणाचं तरी हेल्मेट. मग ओवळेकरांचं नाव काही केल्या आठवेना. मागे त्यांचा हार घातलेला फोटो होता, खाली नाव होतं, पण वळून वाचणं म्हणजे कागद बघणंच की. "आपले हे" असं म्हणत मी त्या सज्जन माणसाला निरोप दिला.

नंतर चहाच्या वेळी गुरुदत्तशेठ जवळ आले. "उदयसिंहराव, छान बोललात माझ्याबद्दल. खरी वेळ येईल तेव्हा ऐकायला मी नसेन, म्हणून आभार आजच घ्या."

बायको, पद्मजा, सोबत नव्हती, हे नशीब. तोंड आलं होतं म्हणून घरी राहिली.

९ जानेवारी

कारण सापडलं. डॉक्टर लोक ज्याला वय म्हणतात ते नाही. कारण आहे जबडा.

काल दिवसभर वाचत होतो. प्रयोगात उंदरांच्या दाढा काढतात किंवा घासून टाकतात आणि त्यांना चक्रव्यूहात सोडतात. दाढा असलेला उंदीर वाट लक्षात ठेवतो, बिनदाढांचा भटकतो. चावताना मेंदूकडे रक्त जास्त जातं, आठवणींचा जो भाग आहे तो जागा होतो, असं काहींचं म्हणणं. च्युइंग गम चघळणाऱ्यांना शब्दांच्या याद्या जास्त आठवल्या, असाही एक निष्कर्ष. दुसऱ्या काहींना तसं काही आढळलं नाही. त्या दुसऱ्यांचं मी फार मनावर घेतलेलं नाही. चळवळ उभी करताना सगळे कागद पुढे ठेवायचे नसतात.

माझ्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेलेल्या आहेत. कवळी आहे, पण ती घातली की 'स' आणि 'श' शिट्टी मारतात. 'संघर्ष' म्हटलं की रस्त्यावरचं कुत्रं वळून बघतं. म्हणून भाषणासाठी कवळी काढली, मग जेवायलाही घालायची राहिली. म्हणजे शब्द स्वच्छ यावेत म्हणून मी कवळी काढली आणि कवळी काढली म्हणून शब्दच येईनासे झाले. याला आमच्या संघटनेत व्यवस्थापनाचा डाव म्हणत.

त्यात घरचं जेवण. कित्येक दिवस झाले, मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कालवलेली भाकरी. मिरची नाही, फोडणीला नुसतं जिरं. आज ताटावर बसल्या बसल्या मी विषय काढला.

"पद्मजा, हे अन्न मेंदूचा घात करणारं आहे."

"तुम्हाला चावत नाही ना," ती म्हणाली.

"चावत नाही म्हणून चावायचं नाही, तर उद्या सुचत नाही म्हणून बोलायचं नाही?"

ती घोटभर पाणी पिऊन घास गिळत होती. तिने मान हलवली. माझ्यासाठी तीही बिचारी तेच खाते. या त्यागाची गरज नाही, असं मी तिला सांगितलं. उद्यापासून घरात चर्वणाचं राज्य.

१२ जानेवारी

ताहेरच्या दुकानात गेलो. मिरची गल्लीच्या तोंडाशी त्याचं चष्म्याचं दुकान आहे. मस्कतहून परत आल्यापासून तो तिथेच बसतो आणि गावाची नजर सुधारतो. माझी कवळी त्यानेच दिलेल्या चष्म्याच्या डबीत असते.

मी चणे, खारे दाणे आणि च्युइंग गमची पाकिटं काउंटरवर ओतली आणि सिद्धांत मांडला. बोलण्यासाठी कवळी काढायची, चावण्यासाठी घालायची, असं आलटून पालटून चाललं होतं. एक बाई मुलाचा चष्मा घ्यायला आली आणि तिने डबी उघडली. ती काही न घेता गेली.

"उदयभाई," ताहेर म्हणाला, "तुमच्या मेंदूचं अल्ला बघेल. माझं गिऱ्हाईक कोण बघणार?"

"ताहेर, हा विनोदाचा विषय नाही. मी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली."

"ऐकलं. गुरुदत्तशेठ सगळ्यांना सांगत फिरतायत. म्हणतात, मरून आल्यापासून भूक वाढली." मग त्याने कवळीची डबी मिटली. "भाभींचं काय? परवा आमच्या घरी सकीनाने चहा दिला तर तसाच ठेवला. म्हणाल्या, गरम सोसत नाही."

"तोंड आलंय. तिला व्हिटॅमिन कमी पडतं."

"रिदाला दाखवा की. खारघरला तिचा दवाखाना आहे, आपल्याच घरची डॉक्टर."

"तोंड येण्यासाठी कोणी दातांच्या डॉक्टरकडे जातं?" मी म्हणालो आणि पुन्हा उंदरांवर आलो.

१८ जानेवारी

तालीम सुरू. माझी पद्धत जुनीच आहे. स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत येरझाऱ्या घालत भाषण बोलायचं, पद्मजा पोळ्या लाटत असते. ती निवृत्त शिक्षिका, मधूनच म्हणते, "तिथे 'परंतु' नको, 'पण' घ्या." घेतो. कधी कधी माझ्या आधी तिलाच पुढचं वाक्य येतं. मी रागावतो.

गमचा परिणाम दिसू लागला आहे, असं माझं मत. काल मला शाळेतल्या हजेरीतली नावं आठवली. आज चष्मा सापडला नाही, पण ते वेगळं खातं असावं.

पद्मजाला या चळवळीत आणणं भाग आहे. तिला जेवणानंतर रोठा सुपारीचं खांड लागतं, लग्नापासूनची सवय. हल्ली ते बंद दिसलं. विचारलं तर म्हणे, झोंबतं. मी तिला समजावलं की चघळणं हीच मेंदूची कसरत, आणि सुपारीसारखी टिकाऊ चीज दुसरी नाही. श्रीवर्धनकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून चांगली जुनी सुपारी मागवली आणि अडकित्त्यासकट तिच्यापुढे ठेवली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग सुपारीचा एक कातरलेला तुकडा उचलून गालात धरला. चघळला मात्र नाही.

हसताना ती पदर तोंडाला लावते आजकाल. या वयात लाजते. बरं वाटलं.

२६ जानेवारी

विजय.

ओवे गावातल्या शाळेत झेंडावंदनाला मी प्रमुख वक्ता. पद्मजाने त्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, म्हणून तिला यावंच लागलं. जाताना रिक्षात मी गम चघळत होतो. उभा राहिलो आणि सांगतो, भाषण असं सुटलं की मलाच ऐकत राहावंसं वाटलं. संविधानापासून भूमिपुत्रांच्या हक्कापर्यंत एक शब्द अडला नाही. दोनदा वळणावर डावीकडे पाहिलं आणि शब्द हजर. मुलांपेक्षा मास्तरांनी जास्त टाळ्या वाजवल्या. चर्वणशास्त्राचं यश याहून लख्ख काय असतं?

एक गालबोट. पद्मजा पहिल्या रांगेत बसून सबंध भाषणभर तोंड हलवत होती. नवरा घटनेवर बोलतोय आणि ही रवंथ करते आहे. समारंभानंतर मी तिला झापणार होतो, तेवढ्यात तिची जुनी विद्यार्थिनी मैना आली. आता ती शाळा समितीवर आहे.

"बाई, तुमी काय बोलत व्हतां मघाशी? सरांचा भाषन चालू, नि तुमचा तोंड पन चालू. मंतर म्हनतां काय?"

"मारुतीस्तोत्र म्हणते," पद्मजा म्हणाली.

"मंग बरोबर हाय. म्हनून सर अडलं नाय."

रिक्षात मी नवा गम तोंडात टाकला. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं केली आणि घरात हे. मी रक्त आटवून, गम चघळून कमावलेलं यश ही मारुतीच्या खात्यात टाकणार. ती गालाला हात लावून बाहेर बघत होती. फार बोलल्याने जबडा दुखतो म्हणाली. ती दिवसभरात दहा वाक्यंही बोलली नव्हती.

३ फेब्रुवारी

गुरुदत्तशेठनी बोलावलं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस कायम माझा असतो. यंदा निनाद सोबत बसला होता. तो वाचनालयाचा चिटणीस, तिशीतला, पडद्यावर चित्रं दाखवून बोलतो आणि फार नम्र आहे. नम्र तरुणांची मला भीती वाटते.

"सर, तुम्हाला दगदग होत असेल तर शेवटचं पुष्प मी सांभाळीन," तो म्हणाला.

"दगदग ओवळेकरांना झाली," गुरुदत्तशेठ म्हणाले, "यांना काय."

मी सरळ सांगितलं की हे व्याख्यान मीच देणार, विषय 'चर्वण आणि स्मरण', आणि ते मी कागदाशिवाय देणार. अडलो तर पुन्हा या व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. निनादने ते लिहून घेतलं.

दातांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला ताहेरची मुलगी रिदा येईल, असंही ठरलं.

घरी येऊन पद्मजाला सांगितलं. तिने विचारलं, "कधी आहे?" तेवीस तारीख सांगितली. "तेवढं होऊ दे मग," ती म्हणाली. मग काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, घराला रंग काढायचं तिच्या मनात आहे.

९ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, म्हणून लवकर लिहितो.

खारघरच्या एका टॉवरमधल्या ज्येष्ठांच्या मंडळात आज रंगीत तालीम म्हणून बोललो. पद्मजा आली नाही, घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणाली. मी दुप्पट गम चघळला. तरी उंदीर चक्रव्यूहात शिरला आणि मीही. पुढे काय, ते सुचेना. डावीकडे पहिल्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्या उघड्या तोंडाकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो, जणू माझं वाक्य तिथून येणार होतं. मग तोंडातला गम काढून टाकावा म्हणून रुमाल धरला तर गमबरोबर कवळीही आली. शशिकलाबाई म्हणून अध्यक्ष होत्या, त्यांनी प्रसंगावधान राखून राष्ट्रगीत सुरू केलं.

निष्कर्ष: बिनसाखरेचा गम कुचकामी. उद्यापासून साखरेचा.

१४ फेब्रुवारी

अनुयाचा फोन होता.

"बाबा, आईचा आवाज असा का येतोय? तोंडात काही धरून बोलल्यासारखा."

"नेटवर्क. आपल्या सोसायटीत भिंती जाड आहेत."

"मला तुमचा नीट येतोय."

"माझा आवाज कमावलेला आहे, अनुया."

बाजारातून पेरू आणले होते. करकरीत, चर्वणाला उत्तम. पद्मजाने माझ्यासाठी फोडी केल्या आणि स्वतःसाठी एका फोडीचे कागदासारखे काप केले. मग ते कापही बशीत तसेच राहिले. मी चिडलो. म्हणालो, उपासतापास आणि फिगर यांचं वय गेलं. ती म्हणाली, "भूक नाही." बारीक मात्र झाली आहे, ब्लाउज खांद्यावरून उतरतो. बारीक छान दिसतेस, असं मी म्हणालो. भांडणात एक गोड वाक्य पेरावं, हे वक्त्याला कळतं.

स्वयंपाकघरातली तालीम मात्र जोरात आहे. ती मला हाताने खूण करून चुका दाखवते. पूर्वी बोलून दाखवायची.

२३ फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. गाव माझं व्याख्यान ऐकायला आलं होतं की मला अडलेला बघायला, हे सांगता येत नाही. पनवेलकर दोन्हीला तितक्याच आवडीने येतात.

पद्मजा आली. घसा, जबडा, काय काय दुखत असूनही आली आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसली. शेजारी ताहेर आणि रिदा.

सुरुवात झकास झाली. उंदरांना लोकांनी दाद दिली. कवळीची शिट्टी मीच मुद्दाम वाजवून दाखवली, त्यावर गुरुदत्तशेठ पोट धरून हसले. मग मी दुसऱ्या भागाकडे वळलो आणि समोर भिंत उभी राहिली. पांढरी, गुळगुळीत. नेहमीसारखं डावीकडे पाहिलं.

पद्मजाचे ओठ हलत होते.

सुपारी नव्हती तोंडात. मारुतीही नव्हता. तिच्या ओठांवर माझं वाक्य होतं. पुढचं वाक्य. ती ते हळूहळू, एकेक अक्षर करून माझ्याकडे ढकलत होती आणि मी आजवर तिच्याकडे पाहून उचलत आलो होतो. गेटवर, सभागृहात, शोकसभेत, सगळीकडे. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून तिला सगळं पाठ असायचं. मला नाही.

मला खात्री करून घ्यायची होती. संघटनेतला माणूस, पुराव्याशिवाय मानत नाही. मी मुद्दाम चुकीचा शब्द बोललो. तिने मान अगदी किंचित हलवली, नाही, आणि पुन्हा बरोबर शब्द ओठांवर धरला. पण तो शब्द तिच्याच्याने पुरा होईना. तोंड उघडत नव्हतं. पत्रपेटीच्या फटीएवढं उघडायचं आणि थांबायचं. तिने गालावर तळवा दाबला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा प्रयत्न केला. माझं व्याख्यान पडू नये म्हणून.

सभागृह वाट पाहत होतं. मी म्हणालो, "मंडळी, मला माफ करा. मला माझ्या बायकोशी बोलायचं आहे."

"आधी माईक बंद करा," गुरुदत्तशेठ म्हणाले.

मी खाली उतरलो. निनादने लगेच पडदा लावला, ते बरंच झालं, लोकांना बघायला काहीतरी मिळालं. आम्ही शेजारच्या वाचनकक्षात गेलो, रिदा मागोमाग आली.

"काकू, तोंड उघडा. पूर्ण."

पद्मजाने उघडलं.

"एवढंच?"

तिने मान हलवली.

"आता तीन बोटं उभी धरून आत घाला, एकावर एक. अशी." रिदाने स्वतःची घालून दाखवली. मी न सांगता माझी घातली. माझी सहज गेली. बिनदाढांच्या माझ्या तोंडात, ज्याच्यासाठी दीड महिना गाव डोक्यावर घेतलं होतं, तीन बोटं आरामात गेली.

पद्मजाचं एक बोट गेलं. दुसरं नखाशी अडलं.

ताहेर दारात उभा होता. तो वळून बाहेर गेला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीआधीपासून थोडं थोडं," ती म्हणाली. तोंड नीट उघडत नसल्याने शब्द ठेचकाळत आले. मी त्याला नेटवर्क म्हणालो होतो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं सगळं जबड्याचंच चाललं होतं. त्यात माझा कुठे मध्ये घालू?"

२५ फेब्रुवारी

रिदाचा दवाखाना. खुर्चीत पद्मजा, कोपऱ्यातल्या स्टुलावर मी. जन्मात पहिल्यांदा मला कोणी कोपऱ्यात बसवलं आणि मी बसलो.

"तिखट केव्हापासून बंद आहे, काकू?"

"तिखट माझ्यामुळे बंद आहे," मी म्हणालो, "मला चावत नाही म्हणून ती..."  तिखटाचा आणि दाढांचा संबंध काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मऊ भात कोणासाठी शिजत होता, तेही.

रिदाने आरशाने गालाच्या आत बघितलं, बोटाने दाबलं. आतली कातडी पांढरट पडली आहे आणि दोऱ्यांसारखी आवळत चालली आहे. अशा तोंडाला तिखट झोंबतं, गरम सोसत नाही, जबडा हळूहळू मिटत जातो. बहुतेक वेळा सुपारी. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी पुरते.

"चालू आहे का अजून?"

"बंद केली होती मी," पद्मजा म्हणाली. त्यापुढचं तिने सांगितलं नसतं. मी सांगितलं. श्रीवर्धनची, अडकित्त्यासकट.

रिदा मला काका म्हणते, म्हणून तिने काही ऐकवलं नाही. तिने फक्त हातमोजे बदलले. डाव्या गालात एक डाग आहे, तिथला तुकडा काढून तपासणीला पाठवला. अशा तोंडात कधी कधी पुढे कॅन्सर होतो, म्हणून बघायचं, असं तिने पद्मजाच्या डोळ्यांत बघून सांगितलं. पद्मजाने माझ्याकडे नाही, दिव्याकडे पाहिलं.

येताना रिक्षात मी विचारलं, "हे ओठ हलवणं केव्हापासून?"

"पहिल्या संपापासून. तुम्ही मागण्या विसरलात गेटवर. पुढे मी उभी होते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघितलं नसतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे इतकी वर्षं बघितलं आणि वाक्यं उचलली. मागचा चेहरा तिथेच राहिला.

२७ फेब्रुवारी

निकाल आलेला नाही. अनुया पुण्याहून आली आहे. तिने माझ्या खोलीतला गम, चणे, दाणे सगळं एका पिशवीत भरलं आणि विचारलं, "हे काय करू?" मी म्हणालो, "ताहेरला दे, माझ्यामुळे त्याचं एक गिऱ्हाईक गेलं."

पद्मजाला गरम नको म्हणून भात पंख्याखाली निववतो. आज मीच शिजवला. जास्त मऊ झाला. ती म्हणाली, "चालेल." तिला चालेल म्हणायला किती उघडावं लागतं आणि किती दुखतं, हे मी आता बघतो. तिने हळू सांगितलं, की दिवसातून दहादा असं निरखून बघू नका, मी काय प्रयोगातला उंदीर आहे?

हसलो दोघंही. तिने पदर लावला. मी तो खाली केला.

६ मार्च

निकाल आला. कॅन्सर नाही. रिदाने दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मी ऐकत असूनही ऐकलं नाही.

पण सुटका नाही. आवळलेली कातडी पूर्ण मोकळी होईल असं नाही. सुपारी आयुष्यभर बंद, तपासणी आयुष्यभर चालू. औषधं आहेत आणि व्यायाम आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत न्यायची. रोज. दुखतं. मी समोर बसतो, करायला काहीच नसतं. पद्मजाचा जबडा एका काडीने उघडला की माझंही तोंड आपोआप उघडतं. ती म्हणते, तुम्ही मिटा, माशी जाईल.

गुरुदत्तशेठ सकाळी घरी येऊन गेले. व्यासपीठावर पाय ठेवणार नाही हे माझं वाक्य निनादच्या वहीत आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "ते ओवळेकर बोलले असतील." अर्धवट राहिलेलं व्याख्यान पुढच्या रविवारी पूर्ण करा, असा निरोप होता. पंख्याखालची खुर्ची त्या दिवशी रिकामी असेल, पद्मजाला बरं वाटेल तोवर तिने घरीच राहायचं आहे. मी अडणार, हे नक्की. मी हो म्हणालो.

कारण पूर्ण करायचा भाग फार मोठा नाही. चर्वणाने स्मरण वाढतं की नाही, ते उंदीर आणि शास्त्रज्ञ मिळून ठरवतील. मला एवढंच म्हणायचं आहे आणि ते मला कोणी न सुचवता येतं, म्हणून पाठ करायला लिहीत नाही, बोलून बघतो तसंच इथे उतरवतो.

पनवेलकरहो, तुमच्या घरात कोणीतरी बराच काळ सुपारी, मावा, गुटखा चघळत आलं आहे. ते माणूस हल्ली तिखट टाळतं, चहा निववून पितं, तुमच्यासाठी म्हणून मऊ भात शिजवतं आणि स्वतःही तोच खातं. आज जेवायला त्याच्या समोर बसा. ताट वाढण्याआधी त्याला तोंड उघडायला सांगा आणि तीन बोटं उभी धरून आत जातात का, ते बघा. काही नाही हो, असं म्हणेल. लाजेल, पदर लावेल, विषय बदलेल. तुम्ही विषय बदलू नका. बोटं घालायला लावा.